तिसरं टोक

१

स्वतःच्याच घरात शिरायला चांगदेव मदनेला रोज संध्याकाळी तीन हाका माराव्या लागत. घराची किल्ली शेजारच्या रतनमावशीकडे असे. शिरूरच्या त्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता आणि चांगदेव दिवसभर बाहेर, म्हणून त्याचा हंडा भरून ठेवायचं काम मावशीनं आपणहून अंगावर घेतलं होतं. तो मोटारसायकल भिंतीला लावी, मावशीच्या बंद दारासमोर उभा राही आणि म्हणे, "मावशी." मग थांबे. "मावशी." पुन्हा थांबे. तिसऱ्या "मावशी"ला आतून ओ येई, कडी वाजे आणि किल्ली हातात पडे.

म्हातारी बहिरी नव्हती. गल्लीच्या टोकाला कुणी कुणाच्या सुनेबद्दल काय बोललं, ते तिला स्वच्छ ऐकू जाई. पण ती चांगदेवच्या आईसारखीच मेंढरांमागं वाढलेली बाई होती. उघड्या माळावर मुक्काम करणाऱ्यांच्या अंगात काही गोष्टी लहानपणीच मुरतात आणि पुढं पक्क्या घरात राहायला आलं तरी जात नाहीत. चांगदेवची आई सांगायची, "पयल्या हाकंला ओ दिऊ नगं, दुसरीला बी न्हाई. माणूस तीनदा हाक मारतं. त्ये दोनदाच मारतं." 'त्ये' म्हणजे काय, हे तिनं कधी सांगितलं नाही. विचारलं की ती मेंढरं मोजायला लागायची.

चांगदेव शिकला, आयटीआय झाला, रांजणगावच्या एका कंपनीत दहा वर्षं पॅनल जोडत बसला आणि मग स्वतःचा धंदा काढून मोकळा झाला. खोदाईची मोठी यंत्रं जुनी झाली, हात बदलत खेड्यापाड्यांत आली, की त्यांच्या वायरिंगला आणि कंट्रोलरला जी दुखणी लागतात ती शोधायची. शिरूर-दौंड पट्ट्यात हे काम जाणणारा तो एकटाच होता. आईच्या त्या सांगण्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. सवय मात्र होती. कुणीही हाक मारली तरी तो तिसऱ्यांदाच ओ देई.

त्याची बायको ललिता आधी हसायची, मग चिडायची. "तुमाला बोलवायचं म्हंजी तहसील कचेरीचं काम हाय," ती म्हणायची, "तीन खेपा घातल्याबिगर व्हतच न्हाई."

ललिता जाऊन आता दोन वर्षं झाली होती. त्या घरात चांगदेवला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

२

दोन हजार सहा सालच्या नोव्हेंबरात पाटसहून संपतआप्पांचा फोन आला. आप्पा मोठे बागायतदार. त्यांनी जपानातून आलेलं एक वापरलेलं पोकलेन मुंबईच्या लिलावात घेतलं होतं आणि कालव्याच्या कडेनं पाइपलाइनसाठी चर खोदायला लावलं होतं.

"चांगदेवराव, जरा यून बघता का? दिवसभर ब्येस चालतंय. पर दुपारी सव्वादोनला उचकी देतंय."

"उचकी म्हणजे?"

"इंजिन बसतं. आत्ता बंद पडतंय म्हणावं, तवर पुन्हा उठतं. मग आनखी एकदा. दोनच उचक्या. पुढं दिवसभर काय न्हाई." आप्पा हसले. "म्हनलं, जपानात कुनीतरी आठवन काढत आसंल."

हसण्यासारखी गोष्ट मात्र ती नव्हती. चरात उतरून माणसं पाइप बसवत होती. इंजिन बसलं की वर उचललेलं बकेट हिसका खाई, आणि ते बकेट खालच्या माणसांच्या डोक्यावर असे.

चांगदेव सकाळीच निघाला. न्हावऱ्याला चहा घेतला, पारगावचा पूल ओलांडला, चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याला लागला. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. पाटस जवळ आलं तसा मळीचा वास नाकात बसला आणि उसाच्या बैलगाड्यांमागून सावकाश चालावं लागलं. त्याची घाई नव्हतीच. ललिता गेल्यापासून त्याला कुठंच वेळेवर पोचायचं नसे.

ऑपरेटर बिहारचा होता आणि सामान बांधून आप्पांच्या कांदाचाळीपाशी बसला होता. नोकरी सोडून चालला होता. चांगदेवनं त्याला यंत्राबद्दल विचारलं.

"दो बार पूछता है साहब. फिर चुप."

"काय विचारतं?"

ऑपरेटरनं मान हलवली. "मेरे को नहीं पूछता," तो म्हणाला. "किसी और को पूछता है." मग त्यानं पिशवी उचलली आणि उसाच्या रिकाम्या गाडीत बसून तो स्टँडकडे गेला.

३

कालव्याच्या कडेला ते पिवळं यंत्र उभं होतं. रंग उडालेला, केबिनच्या काचेवर अजून जपानी अक्षरांची चिकटपट्टी. आत कुणा परक्या माणसाच्या तंबाखूचा शिळा वास होता. चांगदेवनं बॅटरी सोडवली, सीटमागचं झाकण काढलं आणि मीटर बाहेर घेतला.

या यंत्रांचं आतलं बोलणं तो लोकांना नेहमी एकाच तऱ्हेनं समजावून सांगे. इंजिनाचा एक कंट्रोलर, पंपाचा एक आणि ऑपरेटरसमोरच्या मॉनिटरचा एक. तिघं जण पीळ घातलेल्या दोन तारांवरून दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर पुन्हा हाक. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, की मॉनिटरवर फॉल्टचा कोड उमटतो. हे सांगताना त्याला स्वतःलाच गंमत वाटे. सगळी विद्या शिकून शेवटी तो आईच्याच तीन हाकांपाशी आला होता.

त्या तारांच्या दोन्ही टोकांना एकशेवीस ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. तो नसला तर बोलणं टोकावर आपटून माघारी येतं आणि गोंधळ होतो. दोन्ही समांतर जोडलेले, म्हणून मीटर लावला की एकशेवीसचे निम्मे, साठ दिसले पाहिजेत. एकशेवीस दिसले तर समजायचं, एक टोक तुटलंय. शंभरातली नव्वद दुखणी इथंच सापडतात.

मीटरनं चाळीस दाखवले.

चांगदेवनं टोकं पुसली, पुन्हा लावली. चाळीस. हा आकडा त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता, पण त्याचा अर्थ सरळ होता. हिशेब शाळेतल्या पोरालाही जमला असता. चाळीस म्हणजे एकशेवीसचा तिसरा हिस्सा, म्हणजे तीन टोकं.

"सापडलं का काय?" खालून आप्पांनी विचारलं.

"कुणीतरी मधेच जादा काहीतरी जोडलंय," चांगदेव म्हणाला. जुन्या यंत्रात लोक काय काय जोडून ठेवतात, याला सुमार नसतो. त्यानं केबिनपासून इंजिनापर्यंतची सगळी वायर हातानं चाचपत तपासली. वरचं आवरण सोलून काढलं. उंदरानं कुरतडलंय का पाहिलं, पाणी शिरलंय का पाहिलं. वायर नव्यासारखी स्वच्छ होती. मग त्यानं दोन्ही टोकांचे रेझिस्टर काढले आणि तिन्ही कंट्रोलर सोडवले. आता त्या वायरीला काहीच जोडलेलं नव्हतं. दोन्हीकडून नुसत्या मोकळ्या तारा लोंबत होत्या.

मीटरवर काहीच यायला नको होतं. एकशेवीस होते, एक रेघ कमी नाही की जास्त नाही.

ओल असती तर आकडा नाचला असता, असं त्यानं मनाला सांगितलं. आकडा नाचत नव्हता. चांगदेव तसाच झाकणावर हात ठेवून उभा राहिला.

४

"च्या घ्या आधी," आप्पा म्हणाले. चांगदेवनं सगळं पुन्हा जोडलं, मीटरचे चिमटे तारांना तसेच लावून ठेवले आणि खाली उतरला. चहा कांदाचाळीच्या सावलीत होता. आप्पांना यंत्राचं कौतुक फार. ते कपबशी घेऊन केबिनमध्ये चढले आणि मीटरकडे बघत बसले.

"किती पायजे म्हनला व्हता?" त्यांनी तिथून विचारलं.

"साठ."

"मग साठच हाय की."

चांगदेवनं कप खाली ठेवला आणि यंत्राकडे चालू लागला. वीस-एक पावलं राहिली असतील.

"आरं, उतरलं," आप्पा म्हणाले. "चाळीस झालं."

तो थांबला. चार पावलं मागं गेला.

"साठ."

पुढं आला.

"चाळीस. काय करताय तुमी?"

त्यानं दुसरा मीटर काढला, नव्या सेलचा. तोच प्रकार. त्यानं आप्पांना खाली बोलावून लांब पाठवलं, पाइप बसवणाऱ्या माणसांना जवळ बोलावलं, पुन्हा पाठवलं. मीटरला त्यांच्या येण्याजाण्याचं काही नव्हतं. शेवटी आकडा वाचायला आप्पांना केबिनमध्ये बसवून, बाकी सगळ्यांना कालव्यापलीकडे उभं करून चांगदेव एकटा मागं सरला आणि एकटा पुढं आला. साठ, चाळीस.

तारेला त्याचा हात लागत नव्हता. लागला असता तरी माणसाच्या अंगाचा विरोध लाखांत असतो, एकशेवीस ओहम नसतो. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तो ते स्वतःशी पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

"तुमच्या आंगात करंट हाय का काय?" आप्पांनी थट्टा केली.

"मीटर खराब झालेत," चांगदेव म्हणाला. दोन्ही मीटर एकदम खराब होत नसतात, हे आप्पांना माहीत नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

चांगदेवनं एकदा स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, दोन वर्षं कुणाशी धड न बोललेला माणूस, भर उन्हात एका परक्या यंत्रापाशी उभा होता आणि ते यंत्र त्याला आपल्यात धरत होतं. त्याला भीती वाटली. पण खोटं कशाला बोला, भीतीच्या खाली थोडं बरंही वाटलं.

५

सव्वादोन वाजायच्या आधी त्यानं माणसांना चरातून बाहेर काढलं, बकेट जमिनीवर टेकवलं आणि इंजिन सुरू करून लॅपटॉप जोडला. तारांवरचं सगळं बोलणं त्यावर ओळीओळीनं उतरायचं. कुणी हाक मारली, कुणाला मारली, काय निरोप दिला, किती वाजता. ओळी झरझर वर सरकत होत्या. इंजिन, पंप, मॉनिटर. पंप, इंजिन. त्याला तो गजबजाट ओळखीचा होता, बरा वाटायचा.

सव्वादोनला सगळ्या ओळी थांबल्या. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि पडद्यावर एकच ओळ आली. पाठवणाऱ्याचा क्रमांक या यंत्रात कुणाचाच नव्हता. ज्याला हाक होती त्याचाही क्रमांक कुणाचा नव्हता. निरोपाच्या जागी काहीच नव्हतं. चांगदेवानं कोरं पत्र धाडल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. इथं चांगदेवालाच कोरं पत्र आलं होतं.

इंजिन उठलं. चांगदेव घड्याळ न बघता आतल्या आत मोजू लागला. का मोजतोय हे त्याला कळलं नव्हतं, पण दुसरी ओळ कधी येणार हे त्याला आधीच माहीत होतं. ती अगदी त्याच क्षणाला आली. इंजिन पुन्हा बसलं, पुन्हा उठलं. मग तिसरी आलीच नाही आणि पंप आणि मॉनिटर काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा बोलायला लागले.

त्या दोन ओळींमधलं अंतर सोल्डरच्या एका टाक्याएवढं होतं. टोक तापवायचं, तार धरायची, थेंब बसेपर्यंत हलायचं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी तो पुढच्या खोलीत भिंगाखाली एका कंट्रोलरची पट्टी दुरुस्त करत होता. ललिता परसात नळावर धुणं धूत होती. तिनं हाक मारली, "अवो." तेव्हा त्यानं टाका नुकता धरला होता. थेंब बसला तेव्हा तिनं पुन्हा हाक मारली, "अवो." त्यानं ऐकलं. त्याला दोन्ही हाका स्वच्छ ऐकू आल्या. आणि तो सवयीनं तिसरीची वाट बघत पुढचा टाका घ्यायला वळला. तिसरी आली नाही, म्हणजे काही विशेष नसेल. पट्टी पुरी करून तो परसात गेला तेव्हा बादली भरून वाहत होती आणि ललिता भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाले, तुम्ही लगेच गेला असता तरी फरक पडला नसता. चांगली माणसं असतात डॉक्टर. पण त्यानं ओ दिली असती तर ती ऐकून गेली असती, एवढा फरक पडला असता.

दोन वर्षं रोज तो ती न दिलेली एक ओ मनात घेऊन जगला होता. आता कुणीतरी तेच अंतर राखून दोनदा हाक मारत होतं. ललिताला दोनदाच मारता आली होती. आणि आई म्हणायची, त्ये दोनदाच मारतं.

यातलं कुठलं, हे सांगणारा मीटर त्याच्याकडे नव्हता.

६

"उद्या करून देतो," असं आप्पांना सांगून तो शिरूरला आला. तीन हाका, किल्ली, मावशीनं झाकून ठेवलेली भाकरी. मग तो परसात नळापाशी जाऊन बसला. भिंतीवर ललिता टेकायची त्या जागेचा चुना थोडा निघाला होता. तो दोन वर्षं तिथं बसायचं टाळत आला होता. त्या दिवशी बसला, आणि मनाशी ठरवून टाकलं. माणूस चुकून परक्याला ओ देईल, फार तर काय होईल? आपल्या माणसाची हाक दुसऱ्यांदा वाया घालवण्यापेक्षा ते परवडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तो केबिनमध्ये बसला. आप्पांना आणि माणसांना त्यानं कांदाचाळीपलीकडे पाठवलं होतं. इंजिन सुरू होतं. मीटर आज लावायचं कारण नव्हतं.

सव्वादोनला इंजिन बसलं. केबिन थरथरली, काचेवरची जपानी चिकटपट्टी फडफडली आणि सगळं शांत झालं. कालव्याचं पाणीसुद्धा ऐकू येईना. चांगदेवची नजर बाजूच्या आरशात गेली. मागं काय आहे ते बघायला ऑपरेटरला तो आरसा असतो. मागं यंत्राची सावली होती आणि त्या सावलीत कुणीतरी बसलं होतं. पाय पुढं सोडून, मान एका बाजूला, पाठ भिंतीला टेकून. तोंड पलीकडे होतं.

तिथं भिंत नव्हती. मागं मोकळं रान होतं.

इंजिन उठलं. एक टाका धरावा एवढा वेळ गेला आणि इंजिन दुसऱ्यांदा बसलं. आता ते उठेल आणि मग उद्या दुपारपर्यंत काही नाही, मग पुन्हा उद्या, मग पुन्हा.

"ओ," चांगदेव म्हणाला. "ओ, ललिता. आलो."

इंजिन एकदम उठलं, भरभरून, नव्यासारखं. आणि आरशातलं ते उभं राहिलं.

ललिता उठायची तेव्हा डावा हात गुडघ्यावर टेकून उठायची. लग्नाआधी पाय मोडला होता तिचा, तेव्हापासूनची लकब. हे हात न टेकता उठलं. सरळ उठलं, अंगावरची धूळ झटकली, आणि पाळी संपलेला कामगार दुसऱ्याच्या हाती जागा सोपवून निघावा तसं, एकदाही मागं न बघता उसाकडे चालू लागलं. चांगदेव दार उघडून खाली उडी मारेपर्यंत रानात कुणीच नव्हतं.

नंतर त्यानं बॅटरी सोडवून मीटर लावला. तो जवळ उभा असतानाही साठ होते. तो चिकटून उभा राहिला, तारेवर हात ठेवला. साठच. तिसरं टोक आता त्या यंत्रात नव्हतं.

"झालं का?" आप्पांनी विचारलं.

"झालं."

"काय व्हतं?"

"एक ओ यायची राहिली होती," चांगदेव म्हणाला. आप्पांना ते कळलं नाही, पण यंत्र चाललं, त्यांनी चांगदेवच्या पाठीवर थाप मारली आणि माणसं पुन्हा चरात उतरली.

७

परतताना त्याला हलकं वाटत होतं. आरशातली ती उठण्याची तऱ्हा आठवायची, की तो ती मनातून पुसून टाकी. ऊन होतं, सावली होती, आरसा जुना होता. ओ दिली हे खरं. ज्याची त्याला पोचली असेल. पारगावच्या पुलावर त्यानं मोटारसायकल थांबवून भीमेचं पाणी पाहिलं, आणि फार दिवसांनी घरी जायची घाई वाटली.

न्हावऱ्याच्या हॉटेलात तो नेहमीच्या बाकावर बसला. "एक चहा," तो म्हणाला. हॉटेलवाला दुधावरची साय बाजूला करत होता. "एक चहा," चांगदेवनं पुन्हा सांगितलं. हॉटेलवाल्यानं मान वर केली, रस्त्याकडे पाहिलं, मग गल्ल्यामागच्या देवाच्या तसबिरीकडे पाहिलं आणि पुन्हा दुधाला लागला. कामात असेल, असं म्हणून चांगदेव तसाच उठला. तिसऱ्यांदा सांगावं असं मनात आलं होतं. का सांगितलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

शिरूरला पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. त्यानं मोटारसायकल भिंतीला लावली आणि रतनमावशीच्या दारासमोर उभा राहिला. आत स्टोव्हचा आवाज होता. भाकरी थापल्याचा आवाज होता. मावशीची सून प्रगती कसलीतरी गोष्ट सांगून हसत होती.

"मावशी," चांगदेव म्हणाला.

हसणं थांबलं. तो नेहमीसारखा थांबला.

"मावशी."

स्टोव्ह बंद झाला. चांगदेवनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं. जीभ जागेवर होती, श्वास होता, शब्द तर रोजचाच होता. तो घशापर्यंत आला आणि पुढं वाट नसल्यासारखा तिथंच राहिला. त्यानं पुन्हा जोर केला. मी आहे, असं म्हणायला गेला, तेही निघालं नाही. मग त्यानं हात उचलून दार ठोठावलं. हाताला लाकूड लागलं. आवाज झाला नाही.

"आत्या, चांगदेवभावजी आल्यात वाटतं," आतून प्रगतीचा आवाज आला. पावलं दाराकडे निघाली.

"थांब," रतनमावशी म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता, पण दाराला लागूनच होता. "तिसरी यिऊ दे."

पावलं थांबली. दाराच्या अलीकडे चांगदेव उभा होता आणि पलीकडे त्या दोघी उभ्या होत्या. मधे एका फळीचं अंतर होतं. त्याला मावशीचा श्वास ऐकू येत होता. ती चांगली बाई होती, रोज त्याचा हंडा भरत होती, आणि ती मनापासून त्या हाकेची वाट बघत होती. तोही बघत होता. गल्लीतले दिवे एकेक करून लागले.

बऱ्याच वेळानं आतून लाकडावर लोखंड सरकलं. खालची कडी होतीच, आता वरचीही लागली.